'इथे' नावाचा दुवा

दुवा म्हणतात मला, पण माझ्या वाट्याला शिव्याशापच आले. मी एका प्रोग्रामिंग भाषेच्या माहितीपुस्तिकेतला निळा, अधोरेखित शब्द. माझ्यावर क्लिक केलं की मी दुसऱ्या पानावर नेतो. क्लुज शहरातल्या होरिया नावाच्या आळशी माणसाने मला जन्माला घातलं.

नियम साधा होता. वाक्यात पानाचं नाव लिहायचं, पत्ते पुस्तिकेच्या शेवटी एका यादीत ठेवायचे. पान हललं की यादीत एकदाच बदल, सगळे दुवे सुधारले. होरियाने मला नुसतं 'इथे' म्हटलं आणि पत्ता वाक्यातच कोंबला.

संपादिका स्मरांडाबाई भडकल्या. "इथे म्हणजे कुठे रे? यादीत घाल त्याला!"

"चालतोय ना बाई, मग झालं! तुम्हाला तर चमचेही एका रांगेत लागतात."

बाई सुट्टीवर गेल्या आणि मी तसाच संकेतस्थळावर चढलो.

दोन वर्षांनी फाइल पुसण्याची आज्ञा बदलली. आधी ती पुसण्यापूर्वी विचारायची, आता विचारेना. त्या आज्ञेची माहिती देणारं नवं पान आलं, यादीतले दुवे तिकडे वळले. जुनं पान कुणी काढलं नाही आणि मी त्याच्याकडेच बोट दाखवत राहिलो.

मारामुरेश भागातल्या खेड्यांतून म्हाताऱ्यांची विलापगीतं ध्वनिमुद्रित करणाऱ्या आणि त्या फाइली याच भाषेच्या मदतीने सांभाळणाऱ्या सावेताबाईंनी मला दाबलं. 'विचारल्याशिवाय काही पुसलं जात नाही,' असं वाचलं आणि त्या भरवशावर जादा फाइली काढायची आज्ञा दिली. अकरा वर्षांचे आवाज गेले. गाणाऱ्या बहुतेक जणी तोवर वारल्या होत्या.

त्या थेट आमच्या कचेरीत आल्या. "तुमच्या त्या 'इथे'ने मेलेल्या बायका मला दुसऱ्यांदा पुरायला लावल्या."

"दुसरी प्रत ठेवायची होती ना, ताई," होरिया पुटपुटला.

"तोंड उघडू नकोस!" स्मरांडाबाई कडाडल्या. "उरल्यासुरल्या गायिकांकडे तूच घेऊन जा यांना. तुझ्या गाडीने."

चारच जणी उरल्या होत्या. तिघी गायल्या. चौथीने होरियाच्या तोंडावर दार लावलं. "एकदा दिलं होतं. घालवलंत ना? चालते व्हा!" परतल्यावर हे त्यानेच बाईंना सांगितलं. मला काडीची दया आली नाही.

त्याने सोळाशे दुवे एकेक करून तपासले. आता माझं नाव 'फाइल पुसणे' आहे, पत्ता यादीत आहे आणि मी बरोबर पानावर नेतो. तरी लिहिणाऱ्यांनो, तुमचा आळस पुन्हा आमच्या कपाळी मारू नका. दार त्या म्हातारीने लावलं; पुन्हा आळस केलात तर तुमच्यासाठी मीही उघडणार नाही.