झुंबरच्या हातातली घुंगुरकाठी

मी एक काठी आहे, येसकराची. बारामतीत मोहनराव मास्तरांच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असते. माणसाला माणसाचा हक्क नाकारणाऱ्या वस्तूंचं छोटं संग्रहालय मास्तरांनी इथं मांडलंय. महारांसाठी वेगळा ठेवलेला कानतुटका कप आहे, शाळेच्या दाराबाहेर बसायचं गोणपाट आहे. गेल्या वर्षी, अठ्ठावन्न साली, त्यांत माझी भर पडली. खरं सांगते, मला भारी राग आला होता. मी कुणाचं काय वाईट केलं होतं?

माझा जन्म कळंबजवळ ओढ्याकाठच्या वेळूच्या बेटात झाला. महारवाड्यातल्या झुंबरच्या आज्यानं मला तोडून आणलं, तेल पाजलं, माथ्याला पितळी घुंगरं बांधली. आज्यानंतर बाप, बापानंतर झुंबर. गावची येसकरी याच घराकडं होती. वेशीवर राखण करायची, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, कुणी मेलं की सांगावा घेऊन भर उन्हात गावोगाव जायचं. सगळीकडं मी बरोबर. झुंबरच्या मुठीनं माझ्या अंगावर एक जागा झिजली होती. त्याचा हात न बघता तिथंच बसायचा.

दिवस मावळताना तो भाकरी मागायला निघायचा. पायरीखाली उभा राहून मला दोनदा आपटायचा. घुंगरं वाजली की दार उघडायचं. मला वाटायचं, काय माझा मान! घरातलं शेंबडं पोरही ओरडायचं, "झुंबऱ्या आलाय!" मग वरून त्याच्या घोंगडीत भाकरी पडायची. तो कधी पायरी चढला नाही, हे मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही.

छप्पन्न साली, धर्मांतराचं वारं महारवाड्यात आलं तेव्हा, एका संध्याकाळी तो भाकरीला उठलाच नाही.

"अवं, भाकरी मागाया जायाचं न्हाय व्हय?" त्याच्या बायकोनं, धोंडाबाईनं विचारलं.

"न्हाय. मजुरी करू, न्हायतर उपाशी ऱ्हाऊ. पर आता मागायचं न्हाय."

त्यानं मला आढ्याला खोचलं. दोन वर्षं मी चुलीचा धूर खाल्ला. मग मोहनराव मास्तर मला मागायला आले, तर झुंबरनं लगेच देऊन टाकलं. मागं वळूनही बघितलं नाही.

तेव्हापासून मी वाट बघत होते. लोक येतात, वस्तूंवर लावलेल्या चिठ्ठ्या वाचतात, हळहळतात. जाताना एखादा माझी घुंगरं वाजवून बघतो. मला त्यांचं काही नको होतं. मला झुंबरचा हात हवा होता, एकदाच.

परवा तो आला. धोंडाबाई सोबत होती. पावलं मी लांबूनच ओळखली. पण दोघं पायरीखालीच थांबली. झुंबरचा उजवा हात जरा वर उचलला गेला, मला आपटायला उचलायचा तसाच. हात रिकामा होता. तो हाताकडं बघत राहिला.

मास्तर दारात आले. "आबा, खाली का उभे? आत या."

झुंबरनं मागं वळून बघितलं, कुणाला बोलावलं म्हणून.

"तुमालाच म्हंत्यात," धोंडाबाई म्हणाली.

तो पायरी चढला. उंबरठा ओलांडला. थेट माझ्याजवळ आला आणि हात पुढं केला. माझा जीव गोळा झाला. पण हात चार बोटांवर थांबला.

"मास्तर, ही हातात हुती तवर मला कुणी वर ये म्हणलं न्हाय." मग मला म्हणाला, "लई साथ दिलीस, बाई. आता हितंच ऱ्हा. माझ्या नातवाच्या हातात येऊ नगंस."

मास्तरांच्या घरातून चहा आला. सगळे कप सारखे होते. माझ्याकडं पाठ करून, खुर्चीत बसून, तो सावकाश चहा प्याला. आणि गेला.

त्या हाताची ओढ अजून आहे, खोटं कशाला बोलू? पण तो परत यावा, असं मी आता म्हणत नाही. तुम्ही मात्र या. मला नीट बघा, हवं तर हात लावा. फक्त घुंगरं वाजवू नका. ऐकून पायरीशी आलेला एखादा आबा जुन्या सवयीनं खालीच थांबेल.