मुतखड्यांची गाळणी

मी एक जुनी स्टीलची गाळणी आहे मित्रांनो, पण चहाचा थेंब काही माझ्या नशिबी आला नाही. दुकानातून मी थेट जयपूरच्या एका इस्पितळात आले, मुतखड्याच्या वॉर्डात. नाक मुरडू नका! खड्याचे तुकडे लघवीवाटे पडतात, ते मी अडवते. मग ते तपासणीला जातात.

सुरुवातीला माझे भारी कौतुक झाले. खडा टणकन वाजला की सारा वॉर्ड हसायचा. आता मात्र मी थकले. उन्हाळा आला की खाटा भरतात आणि तीच माणसे परत येतात. मला उकळत्या पाण्यातून काढताना मीराबाई सिस्टर म्हणतात, "छलनी घिस गई, लोग नहीं सुधरे."

यंदा मे महिन्यात सोनम आली. रेल्वेचे इंजिन चालवणारी पोरगी, खडा दुसऱ्यांदा. तो मूत्रनळीत अडकून तिचे डावे मूत्रपिंड सुजले होते.

"उद्यापर्यंत पडला नाही तर ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले. "पाणी किती पिता?"

"तीन लिटर."

उशाशी तिचे वडील बसले होते, पंढरीनाथ. भुसावळहून बदलून आलेले, जन्मभर इंजिनच चालवलेले. त्यांना मी लगेच ओळखले. बारा वर्षांपूर्वी त्यांचा खडा माझ्यातच पडला होता, आणि तेही "तीन लिटर"च म्हणाले होते.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी विचारले, "खोटं का बोललीस?"

"पप्पा, माझ्या इंजिनात बाथरूम कुठंय? ड्युटीआधी पाणी प्यायचं नाही, मतलब, हे तुम्हीच शिकवलं ना?"

त्यांची मान खाली गेली. "खरंय. सिग्नल शिकवायच्या आधी मी तुला तहान मारायला शिकवलं."

मग ते उठले आणि डॉक्टरांना गाठून दोघांचे खोटे कबूल करून आले. डॉक्टरांनी सांगितले तितके पाणी ते दिवसभर पेला भरभरून तिला पाजत राहिले. सकाळी हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा माझ्यात वाजला. ऑपरेशन टळले. पंढरीनाथ हसले नाहीत, रडले. ड्युटीत तिला लघवीला जाऊ द्यावे, अशी चिठ्ठी डॉक्टरांनी दिली. ती कोण वाचणार, देव जाणे.

मित्रांनो, पाणी प्या, हे तर मी सांगतेच. पण तुमची गाडी ओढणारी माणसे लघवीला कुठे जातात, हेही कोणाला तरी विचारा. बापाचा खडा मी झेलला, लेकीचाही झेलला. तिच्या लेकीसाठी मला खुंटीवर ठेवू नका.