चौदा आणि एक

त्या सकाळी ताईच्या डोक्यात एकच आकडा घुमत होता, पंधरा. छोट्या गटात मुलं होती चौदा. शुक्रवारपर्यंत पंधरावं आलं नाही तर गट बंद आणि ताईला नारळ! मोठ्या बाईंनी हे वर्गाच्या दारातच, पोरांच्या देखत सांगून टाकलं होतं, आणि शुक्रवार आजच होता.

तरी बागेत न्यायचं ते न्यायचंच. शाळा म्हणजे दुकानांच्या वरचे दोन मजले, मैदानाच्या नावाने शंख. म्हणून रोज गाठी मारलेला दोर घ्यायचा, एकेका गाठीला एकेक चिल्लंपिल्लं, पुढे ताई. गाठी पंधरा, शेवटची रिकामी.

परतताना दुसऱ्या चौकात ताईने डोकी मोजली. पंधरा! ध्यास घेतला की असं होतं, म्हणत तिने पुन्हा मोजली. पंधराच! शेवटच्या गाठीला एक अनोळखी मुलगा होता, तोंडात बिस्किट, चेहरा एकदम निवांत.

"अगं बाई, हा कोण?"

"आपलाच आहे," मिरची म्हणाली. मिरची म्हणजे गटाची पुढारी, वय वर्षं चार. "मोठ्या बाई म्हणाल्या ना, एक कमी आहे? मग आम्ही घेतला एक. बिस्किट दिलं, लगेच आला."

"अजून एक येत होता," मागून कुणीतरी सांगितलं, "पण गाठच नव्हती."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. आता बोला! पोरं निघाली गट वाचवायला आणि करून बसली पळवापळवी! "मागे फिरा!" ती ओरडली. नवा खेळ समजून सगळं लटांबर खिदळत बागेकडे निघालं.

फाटकाशीच एक आजोबा भेटले, घामाघूम, हाका मारमारून घसा बसलेला. नातवाला बघून ते मटकन खालीच बसले.

"आजोबा, चूक माझी आहे," ताई रडकुंडीला येऊन म्हणाली. "निघतानाच मोजायला हवं होतं. खुशाल तक्रार करा."

"करणारच! चल रे बाळा." बाळ कसला हलतोय! गाठ दोन्ही हातांनी घट्ट.

आजोबा बघतच राहिले. "चार शाळा झाल्या याच्या. प्रत्येक दारात भोकाड, आत पाऊल म्हणून टाकलं नाही पठ्ठ्याने. तुमची शाळा लांब आहे का हो?"

"दोन चौक."

"मग चला की!" म्हणत त्यांनी दोराचं शेपूट धरलं. एवढा मोठा विद्यार्थी बघून पोरांना हसू आवरेना.

जिना चढून वरात दारापाशी आली आणि बाळ थबकला. ओठ थरथरायला लागले. आजोबांनी डोळेच मिटले.

मिरची वळली. "थांबलास काय? बूट इथे काढायचे. आणि माझ्या शेजारी बसायचं नाही, तिथे पिट्या बसतो."

बाळाने खाली बसून बूट काढले, उलटे ठेवले आणि आत जाऊन थेट मिरचीच्या शेजारी बसला.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून मोजलं. "पंधरा. आणि हे गृहस्थ कोण?"

"तक्रार करायला आलेत," ताई कशीबशी म्हणाली.

"तक्रार कसली! फॉर्म द्या, फॉर्म!" आजोबा डोळे पुसत ओरडले, आणि ताईने आनंदाच्या भरात मोठ्या बाईंनाच कडकडून मिठी मारली.