ओलीचे फोटो

"काका, काचेला हात नका लावू. डाग पडतात," गुंजन म्हणाली.

उमरावने हात मागे घेतला, पण नजर काही हटेना. गोंदियातल्या त्या थंडगार हॉलच्या भिंतीवर त्याने मोबाइलवर काढलेले सहा फोटो चौकटीत बसवून लावले होते. मधल्या मोठ्या फोटोवर पहिल्या बक्षिसाची लाल फीत होती. लोक येत, मान वाकडी करत. कुणाला त्यात ढग दिसे, कुणाला वणवा. जाड चष्म्याच्या एका गृहस्थाने तर जाहीरच केलं, की हे कॅमेऱ्याचं नव्हे, कुंचल्याचं काम आहे आणि अमूर्त चित्रात नि ह्यात काडीचाही फरक नाही.

उमरावला मात्र त्यात ओल दिसत होती.

तो नवेगाव बांधच्या अलीकडच्या सोनटोल्याचा. पणजोबांनी बांधलेल्या तलावाची राखण त्याच्याकडे. यंदा तलाव काठोकाठ भरला आणि पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, मागच्या अंगाला ओल फुटली. आधी तांबूस, मग काळसर, मग तिच्यातून पांढुरका गाळ यायला लागला. गाळ येतो म्हणजे पाळ आतून पोखरली जाते आहे. पाळीखाली वीस घरं. तलावांचं काम बघणाऱ्या साहेबांना त्याने फोन केला, तर ते म्हणाले, "फोटो पाठवा."

त्याने नऊ दिवस पाठवले. पाळ तपासायची त्याच्या घरची रीत म्हणजे नाक मातीला टेकेल इतकं जवळ जायचं. फोटोही त्याने तसेच काढले. त्यात ना पाळ आली, ना तलाव, ना गवताची काडी, नुसते रंग. साहेबांनी एकदा अंगठा पाठवला, एकदा फूल, आणि फोटो धाडले आपल्या भाचीला. ती भाची म्हणजे गुंजन, हे प्रदर्शन भरवणारी. "तुमची निवड झाली, साहेब स्वतः येणार आहेत," असा तिचा फोन आला, आणि दुरुस्तीसाठी आपल्या पाळीची निवड झाली असं समजून हा बापडा पहिल्या बसने निघाला.

खिशातला फोन वाजला. कुंदाबाई, त्याची बायको, पाळीवरून बोलत होती.

"पानी गढूळ येऊन राह्यलं. साहेब भेटले का नाई?"

"आता भेटतेत. तू तिथंच राय."

साहेब आले, त्यांनी उमरावला शाल घातली, टाळ्या झाल्या. "कलाकारांनी दोन शब्द बोलावेत," म्हणत गुंजनने माइक पुढे केला. उमरावने मधल्या मोठ्या फोटोकडे बोट केलं.

"हा फोटो उलटा लावला जी."

हॉलमध्ये हशा पिकला. "ॲबस्ट्रॅक्ट आहे काका, कसाही चालतो," गुंजन हळूच म्हणाली.

"पान्याले नाई चालत. पानी खालीच जाते." तो साहेबांकडे वळला. "साहेब, हे चित्र नोहे. हे आपली पाळ आहे. काल भोकात दोन बोटं जात होते, आज अख्खा हात जाते. मी नऊ दिवसांपासून हेच सांगून राह्यलो."

चष्मेवाले गृहस्थ उठून टाळ्या वाजवू लागले, आणि त्यांच्यामागे सगळा हॉल. साहेबही टाळ्या वाजवत होते. त्यांनी उमरावच्या खांद्यावर थोपटलं. "वा, फार सुंदर बोललात. पाळीचं उद्या बघतो. आज रविवार आहे."

उमरावने शाल काढून खुर्चीवर ठेवली. बक्षीस घ्यायचं त्याला सुचलंही नाही. रस्त्यावर येऊन त्याने फोन लावला.

"काय म्हनले साहेब?" कुंदाबाईने विचारलं.

"लय सुंदर आहे म्हनले."

पलीकडून नुसता पाण्याचा आवाज आला.

"कुंदा, खालचे घरं खाली कर. लेकरं, म्हातारे पयले काढ. कोनी काऊन म्हनलं तर माह्यं नाव सांग. मी येऊन राह्यलो."

"अन् आपलं घर?"

"आपलं आखरीले," उमराव म्हणाला आणि बसस्टँडकडे धावत सुटला.