मागची फळी

"आप्पासाहेब, ती बोट आम्हाला द्याल का?"

अगदी शाळेतल्या शुद्ध भाषेत कृपाने विचारलं. पाठीमागे पेरूच्या आडून विजयमाला आणि चांगुणा तोंडावर वह्या धरून खुसुखुसू हसत होत्या. पैज त्यांचीच. विजयमाला तर आप्पासाहेबांची सख्खी मुलगी, पण वडिलांपुढे उभं राहून पाणी मागायचीसुद्धा तिची छाती नव्हती. "तू इच्यारून दाखव, मग मानू तुला," असं दोघींनी म्हटलं होतं. घ्या, विचारलं!

आप्पासाहेबांचा अडकित्ता थांबला. नदीकाठचा सगळा ऊस त्यांचा आणि ऊस पाजणारे सगळे पंपही त्यांचे. त्यांना कुणी काही मागायचं तर खाली बघून मागायचं, हा तिथला रिवाज.

"कंची बोट?"

"गोठ्यामागं पालथी पडलीय ती. फायबरची."

"काय करनार तिचं? चुलीत घालनार?"

"दुरुस्त करनार आन नदीत चालवनार."

आप्पासाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. महापुरानंतर मोठ्या हौसेने त्यांनी ती मुंबईच्या लिलावातून आणली होती. दोनदा नदीत फिरवली, तिसऱ्यांदा ती खडकावर आपटून तडकली, आणि तेव्हापासून तिच्या पाठीवर गोवऱ्या वाळत होत्या.

"ने," ते म्हणाले. "चालली तर मला बी बसव!"

घरी आल्यावर बाबांनी आधी तिला फैलावर घेतलं. बाबा म्हणजे दानीएल मिस्त्री. आप्पासाहेबांचा कुठलाही पंप बंद पडला की बोलावणं यांना. बोटांच्या रेघांत ऑइल असं मुरलेलं, की रविवारी येशूच्या देवळात हात जोडले तरी डिझेलचा वास यायचा. उभ्या आयुष्यात त्यांनी आप्पासाहेबांना नाही म्हटलेलं नव्हतं. काहीही सांगा, उत्तर एकच, "जमवू की."

"कुनी सांगितलं हुतं तुला शहानपना करायला?" बाबा ओरडले. पण संध्याकाळी कृपाने पाहिलं, ते गोवऱ्या बाजूला सारून बोटीच्या पोटावरून हात फिरवत होते. लोखंड, पितळ, बीड, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. काचेच्या धाग्यांची वस्तू मात्र ते पहिल्यांदाच चाचपत होते.

इसहाकमामा मुंबईला गोदीत कामाला होता. त्याने रेझिन या चिकट रसायनाचे डबे आणि काचेचं कापड आणून दिलं, दोन दिवस राहून कसं लावायचं ते दाखवलं आणि तो परत गेला. उन्हाळाभर बापलेकीने ती बोट घासली. काचेची कुसळं अंगाला अशी लागायची की खाजकुयली परवडली. एकदा कृपाने डब्यात रेझिन घट्ट करायचं औषध जास्त ओतलं, तर डबा फुसफुसून धुरायला लागला आणि बाबांनी तो लाथेनेच उडवला! दुष्काळाचं वर्ष, नदीत नुसती वाळू. येणारे-जाणारे विचारत, "मिस्त्री, आधी नदी आना की!" कृपाला त्याचं काहीच वाटत नसे. तडा बुजत होता. आपल्या हाताने बुजत होता. वर्गात सगळ्यांत मागे बसणारी कृपा आता पहिल्या बाकावर बसून बाईंना प्रश्न विचारू लागली होती.

पाऊस झाला आणि विहिरीला पाणी आलं. बाबांची तपासायची रीत ठरलेली. हौद असो की पाईप, पाणी भरायचं आणि कुठं पाझरतं ते बघायचं. त्यांनी पंप लावून बोट काठोकाठ भरली आणि चार दिवस तशीच ठेवली. बाहेर एक थेंब आला नाही. आईने शेजारीपाजारी गूळ वाटला.

बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन अडकवायचं, ती वरून काचेची असली तरी आतून लाकडाची असते, हे मामाने सांगितलं नव्हतं आणि बाबांनी विचारलं नव्हतं. तिला जुन्या बोल्टांची भोकं होती, बाहेरून बुजवलेली पण आतून उघडी. चार दिवस ते झाकलेलं लाकूड तिथून पाणी पीत राहिलं.

ते कळलं दिवाळीनंतर. बोटीचं जुनं इंजिन बाबांनी दुरुस्त केलं होतं; त्यासाठी नवी भोकं पाडताना गिरमिटाला कोरडा भुसा येईना. आला तो काळपट, ओला चोथा. बाबांनी तो बोटांवर घेतला, हुंगला आणि विजारीला पुसला.

"बाबा, हे काय हो?"

"जुनं पानी आसंल."

मग ते बोल्ट आवळू लागले. कुठलाही नट कुठेतरी घट्ट होतो, पान्याला अडतो. हा अडेना. फिरतच राहिला, फिरतच राहिला. बाबांनी मोठी चकती घातली, तेव्हा कुठे तो थांबला. सकाळी येऊन पाहिलं तर पुन्हा सैल, आणि भोकातून चहासारखं तांबडं पाणी ओघळलेलं. बाबांनी पुन्हा आवळला. दुसऱ्या दिवशीही तेच. असा एकेक दिवस ती चकती फळीत रुतत चालली, आणि बापलेक त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते.

खालच्या बंधाऱ्याला पाणी अडवायच्या फळ्या घातल्या होत्या. गोदावरी काठोकाठ तुंबून गप्प उभी होती. त्या रविवारी सारा गाव काठावर लोटला. बाबा इंजिनापाशी बसले, कृपा त्यांच्याजवळ. दोरी ओढली, इंजिन गुरगुरलं आणि बोट निघाली! काय ती निघाली! दोन्हीकडे पाण्याचे पंखे, काठावर शिट्ट्या, विजयमाला उड्या मारतेय, "किरपे! एऽ किरपे!" कृपाने दोन्ही हात वर केले. हात खाली घेताना तिची नजर मागे गेली.

बाबा जोर देत तसं इंजिन मागे कलत होतं. फळीच्या वरच्या कडेला नखाएवढी फट पडायची आणि जोर कमी केला की मिटायची. पडायची, मिटायची. त्या फटीच्या आत काळं दिसत होतं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा तिकडेच बघत होते. त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही, नुसता वेग कमी केला.

काठाला लागताच आप्पासाहेबांनी हार घातला. बाबांना नाही, बोटीच्या नाकाला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या मुक्ताची पाठवनी ह्याच बोटीतून! नवरा-नवरी नदीवरनं पल्याड जातील. बघूद्या वैजापूरच्या सोयऱ्यांना!"

मुक्ता म्हणजे विजयमालाची थोरली बहीण. लग्न पुढच्या आठवड्यात.

गर्दी पांगल्यावर बाबा आप्पासाहेबांच्या मागे मागे गेले. कृपा थोड्या अंतरावर होती.

"आप्पासाहेब, ती मागची फळी जरा... म्हंजी, महिनाभर मिळाला आसता तर..."

"लगीन महिनाभर थांबतंय व्हय रं?"

"न्हाई, तसं न्हाई. पर वजन पडलं तर..."

"मग दोन बोल्ट जादा ठोक. एवढं सगळं केलंस आन फळीला भितोस? तुला जमत न्हाई तर कोपरगावचा मिस्त्री बोलावतो. मग पंपाला बी त्योच बघंल."

बाबांनी तेलकट हात विजारीला पुसले. मग म्हणाले, "जमवू की."

लग्नाच्या आदल्या दिवशी कृपा विजयमालाकडे गेली, तेव्हा हळद चालली होती. मुक्ताताईने पिवळ्या हाताने तिला जवळ ओढलं.

"किरपे, खरं सांग. बुडनार न्हाई ना गं? पवायला मला वांगं येतंय. त्यात ती जड पैठनी, आन हे अंगावरचं सोनं."

"न्हाई गं ताई." जिभेवर तयारच असल्यासारखं ते बाहेर पडलं.

"मग बसते. तू केलीयस म्हनून बसते हां. दुसऱ्या कुनाच्या शब्दावर बसले नसते. इजूबी येनार हाय माझ्यासंगं पाठराखीन म्हनून."

विजयमाला मधे तोंड घालून म्हणाली, "मी पुढं बसनार! केस उडले पायजेत!" सगळ्या बायका हसल्या. कृपाही हसली.

ती तिथून सरळ नदीवर गेली. बोट बाभळीखाली ओढलेली होती, पांढरी, निळी, आरशासारखी. आंब्याची पानं बांधून कुणीतरी सजवायला सुरुवातही केली होती. बाबांच्या पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन तिने बोल्टाजवळच्या एका भोकात टेकवला आणि दाबला. जोर करावाच लागला नाही. तो मुठीपर्यंत आत गेला.

घरी आली तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. आई तांदूळ निवडत होती. बाबा उंबऱ्यावर बसून उद्यासाठी धुतलेला सदरा न्याहाळत होते. कृपाने स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला. त्याच्या दांड्याला काळा लगदा चिकटला होता. आंबूस वास सुटला होता.

"मुठीपतूर गेला बाबा."

बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "मला म्हाईत हाय."

आईचा हात सुपात थांबला. "म्हाईत हाय? मग सांगा की जाऊन त्यांना!"

"सांगितलं."

"नीट सांगा! पोरी बसनार हायेत त्यात!"

"नीट कसं सांगायचं मरिया? मी बोलाय लागलो की ते पंपाचं काढत्यात." बाबांचा आवाज एवढासा झाला होता. "मी हळू नेईन. काठाकाठानं नेईन. जोरच द्यायचा न्हाई इंजिनाला."

"आन पल्याड जाताना मदी वारं सुटलं तर?" कृपाने विचारलं. "जोर न देता वाऱ्यातनं निघंल का बोट?"

बाबांनी सदऱ्याची बाही दुमडली, सोडली, परत दुमडली. हा माणूस सबंध आयुष्यात कुठल्या यंत्राला घाबरला नव्हता. कृपाला त्यांचा राग आला, आणि लगेच इतकी माया आली की तिने दाराच्या चौकटीला घट्ट धरलं. मांडवातून सनईचा आवाज येत होता. सूप बाजूला ठेवून आईनेच हळू विचारलं, "काम गेलं तर कुठं जायचं गं आपन?"

कृपा आत गेली आणि खाटेखालची करवत काढून बाहेर आली.

"ही कशाला?" आई म्हणाली.

"मी सांगायला न्हाई चालले," कृपा म्हणाली. "सांगितलं की दुसरा मिस्त्री यील, दोन बोल्ट ठोकंल आन निघून जाईल. मी फळीच कापनार. ह्या कडंपासनं त्या कडंपतूर, सगळी. इंजिन अडकवायला जागाच ठेवनार न्हाई. आन मग हीच करवत घिऊन मांडवात जानार, सगळ्यांसमोर आप्पासाहेबांना सांगनार, मी कापली. माझ्या बापानं न्हाई. बाबा, तुमी हितंच बसा. उठू नका. आज तुमच्या हाताला भुसा लागायला नको."