दहा लाख एकचा भागाकार

मी दहा लाख एक बोलतेय. दोन टोकांना एक आणि मध्ये पाच शून्यं. पुढून वाचा, मागून वाचा, मी तीच. हजाराचा वर्ग करा, त्यात एक मिळवा, की मी तयार. माझ्या अंकांची बेरीज जेमतेम दोन, म्हणून तीन माझ्या वाटेला जात नाही. दोन आणि पाच तर माझा शेवटचा अंक पाहूनच परत फिरतात.

मला जन्म नाही. पण एका सरांनी मला फळ्यावर लिहिलं आणि सांगितलं, की ही मूळ संख्या आहे. एक आणि ही स्वतः, यांशिवाय हिला कोणी भागू शकत नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने ते मनावर कोरून घेतलं. पुढे ती गणिताची बाई झाली आणि प्रत्येक वर्गाला तेच सांगत राहिली. पडताळून कधी पाहिलं नाही. सरांचा शब्द होता तो.

बाई निवृत्त झाल्या. एकट्याच राहायच्या. हळूहळू दूध करपू लागलं, किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडू लागल्या. धाकटा भाऊ वृद्धाश्रमाचं बोलू लागला. बाईंना आपलं घर सोडायचं नव्हतं. त्यांनी पाटी काढली, तिच्यावर मला लिहिलं आणि भावाला सांगितलं,

"हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी हिला भागून दाखवते. एकदा जरी बाकी शून्य आली, तर समज माझं डोकं गेलं. मग तू म्हणशील तिथे येईन."

"ताई, भागाकारापायीच तू मला लहानपणी बडवायचीस," भाऊ म्हणाला. "मला त्यातलं काय कळतंय? तूच सांग काय ते."

सातने भागलं, बाकी दोन. अकराने दोन, तेरानेही दोनच. बाई खुशीत आल्या. भावाला फोन करून म्हणाल्या, की डोकं अजून शाबूत आहे बरं का.

मग एकशे एकची पाळी आली. उत्तर नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य. बाईंनी पुसलं, पुन्हा भागलं. पुन्हा शून्य. सरांवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. भागाकार अगदी बरोबर होता, पण मला कुठे तोंड आहे सांगायला?

भाऊ आला तेव्हा पिशवी भरलेली होती.

"साधा भागाकार जमेना रे मला," बाई म्हणाल्या. "चल."

भावाने पाटीकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

बंद घरात मी अजून त्या पाटीवर आहे, धूळ खात. वाचणाऱ्यांनो, तुम्ही तरी एकशे एकला नऊ हजार नऊशे एकने गुणून पाहा.

एका जुन्या विद्यार्थिनीने पाहिलं होतं. ती आता स्वतः शिकवते. आश्रमात जाऊन तिने बाईंना भीत भीत सांगितलं, की ती संख्या मूळ नाही, एकशे एकने तिला पूर्ण भाग जातो.

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मलाही असंच दिसायला लागलं होतं, बाळा. तू वेळीच डॉक्टरला दाखव."