सोळा मात्रा

वाद्यवृंदाच्या चाळीस वर्षांचा इतिहास लिहायचं काम व्हायोलिनवाल्या हरिश्चंद्राच्या गळ्यात पडलं ते केवळ तो वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल होता म्हणून. चार पानं लिहायला त्याने पावसाळा घालवला. प्रत्येक वाक्य खोडलं, पुन्हा तेच लिहिलं. शेवटी स्मरणिका छापून आली, आणि आता आपण लिहिलंय ते कुणी वाचू नये असं त्याला वाटू लागलं.

इतिहास तसा साधा होता. जहाजावरच्या बँडमध्ये आयुष्य काढलेले काशीराम मास्तर एकसष्ट साली रत्नागिरीत परतले आणि बंदरावरच्या बारा जणांना त्यांनी व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट शिकवलं. कुणी मासे विकणारा, कुणी होडीवरचा, कुणी शाळेतला कारकून. नारळी पौर्णिमा असो, उरूस असो, पंधरा ऑगस्ट असो, हे बारा जण हजर. मग माणसं आखातात जाऊ लागली. तेव्हा मास्तरांनी एक रीत घातली. गेलेल्याची खुर्ची मंचावर तशीच ठेवायची, आणि त्याचे एकट्याचे सूर दुसऱ्या कुणी वाजवायचे नाहीत. त्याची जागा आली की सगळ्यांनी थांबायचं, मनात मात्रा मोजायच्या, मग पुढे जायचं. गावालाही त्याची सवय झाली होती.

स्मरणिकेतलं शेवटचं वाक्य होतं, ‘आमच्या वाद्यवृंदाने गेलेल्या माणसाची जागा कधीही भरली नाही.’ एवढं एकच वाक्य हरिश्चंद्राला बरं वाटलं होतं.

आता बारांतले पाच उरले होते. सहा खुर्च्या रिकाम्या, आणि सातवी फारुकची. फारुक बारा वर्षांनी मस्कतहून कायमचा परतला होता. त्याला बोलवायला जायचं तर हरिश्चंद्र तीनदा त्याच्या दारावरून पुढे निघून गेला. चौथ्यांदा फारुकच्या बायकोने, कनीजने, खिडकीतून हाक मारली.

“हरिभाऊ, किती फेऱ्या घालाल? आत या की!”

फारुक बाजेवर बसला होता. तो हसला तेव्हा दिसलं, पुढचे चार दात नव्हते.

“गॅरेजात पाना निसटला,” तो म्हणाला. “क्लॅरिनेट धरायचा कशाने? हिरड्यांनी?”

“नुसता येऊन बस,” हरिश्चंद्र म्हणाला. “खुर्ची आहे तुझी.”

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी फारुक तालमीला आला आणि क्लॅरिनेट मांडीवर ठेवून बसला. मास्तरांनी बांधलेली बंदराची धून सुरू झाली. फारुकची जागा आली, सगळे थांबले. मग हरिश्चंद्राने व्हायोलिनवर पुढचे सूर उचलले. ते त्याचंच काम होतं.

फारुकने हात वर केला. “अकरा.”

“काय अकरा?”

“अकरा मात्रा थांबलास. माझ्या सोळा होत्या. पाच कुठे गेल्या?”

“महागाई वाढली ना, फारुकभाय!” ट्रम्पेटवाला दत्ताराम म्हणाला. मासे विकता विकता त्याला कशावरही बोलायची सवय लागली होती.

फारुक हसला नाही. “मी तिकडे मोजायचो रे. वाटायचं, आता माझ्यासाठी गप्प बसले असतील. आणि तुम्ही माझ्याशिवाय पुढे!” क्लॅरिनेट पेटीत घालून तो निघून गेला.

हरिश्चंद्राने त्या पाच मात्रा बोटांवर मोजल्या. लोक आपल्याकडे बघताहेत, वाटेल विसरला, या भीतीने तो दर वर्षी थोडं लवकर उचलत गेला होता. त्याला ते कळलंही नव्हतं. आणि छापलं काय होतं? जागा कधीही भरली नाही. स्मरणिकेच्या तीनशे प्रती वाचनालयात पडल्या होत्या. इतका थकवा त्याला निवृत्तीच्या दिवशीही आला नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी धून सुरू झाल्यावर फारुक मागच्या दाराने आला. हात रिकामे. गुपचूप आपल्या खुर्चीवर बसला.

त्याची जागा आली. हरिश्चंद्राने डोळे मिटले. आठ. नऊ. अकराला बोटं आपोआप हलली, ती त्याने आवळून धरली. बाराव्या मात्रेला कुणीतरी खोकलं. तेराव्याला पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना संपलंसं वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या, चार जणांनी साथ दिली, मग सगळे ओशाळून थांबले. हरिश्चंद्राच्या कानशिलावरून घाम ओघळला. तो थांबला. मग त्याने गज तारेवर टेकवला.

कार्यक्रम संपल्यावर तो खुर्च्या मिटू लागला. हात भरून आले होते. फारुकने आपली खुर्ची स्वतःच मिटली.

“सतरा झाल्या, मेल्या.”

“मोजत होतास?”

“मग?” फारुक दुसऱ्या खुर्चीकडे वळला. “वाजवायचं मला दुसरं काय होतं?”